उशिरा हसणारे बाबा

अमरावतीच्या एका ऑफिसात मी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांसाठी पडद्याच्या तळाशी दिसणाऱ्या ओळी लिहिते. ऐकू न येणाऱ्यांसाठी. निदान पाटीवर तरी तसं लिहिलंय. आमचे साहेब म्हणजे थोर माणूस. ओळ बोलण्याबरोबर आली तर कान असलेले ती आधीच वाचून टाकतात आणि त्यांची मजा जाते, म्हणून ओळ हशा पिकल्यावरच दाखवायची, असा त्यांचा नियम. पंगत बहिऱ्यांची, आणि आधी वाढायचं कान असलेल्यांना! मी एकदा बोलून पाहिलं. साहेब म्हणाले, "म्याडम, तक्रारीचे फोन कोण करून रायलं ते पाहा ना." आता बहिऱ्यांनी काय फोन करायचा? पण मी मुंडी हलवली आणि मुकाट नियम पाळला.

गेल्या महिन्यात बाळापूरला माहेरी गेले. बाबांचे कान जाऊन तीनेक वर्षं झाली. वांग्याची रोपं कधी लावायची हे विचारायला पूर्वी आजूबाजूचे शेतकरी त्यांच्याकडे यायचे. आता जेवताना दादा आणि वहिनीच ते ठरवत होते. बाबा समोर बसलेले, त्यांना कुणी विचारत नव्हतं. मी दादाला कारण विचारलं.

"बाबाले आता समजून नाई रायलं," दादा म्हणाला. "टीव्ही पाह्यताना पाह्य तू. आमचं हसून झालं की मंग हसतेत थे."

जेवणानंतर टीव्ही लागला. कार्यक्रम माझाच होता. दादा-वहिनी हसले, थांबले, मग ओळ आली, मग बाबा हसले, एकटेच. त्यावर दादा पुन्हा हसला, त्यांच्याकडे बोट दाखवून. दादाची अक्कल लहानपणापासून बेताचीच. पण ती ओळ उशिरा मी आणली होती. मला स्वतःचीच किळस आली.

मी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

"आता वाचा," मी म्हणाले.

पुढची ओळ आली. बाबा खो खो हसले. दादा ओठ हलवत दोन-तीन शब्द वाचतो तोवर ओळ गेली.

"काय होतं थे?" तो वहिनीला विचारू लागला.

बाबांनी त्याच्याकडे निवांत पाहिलं. "काहून बे," ते म्हणाले, "तुले आता समजून नाई रायलं काय?"

दादाच्या ओठांवर हे वाक्य त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं, की न ऐकताच त्यांना ते पाठ झालं होतं.