न मावलेलं ‘नाही’

पेंटरकाकांना आखून लिहायचा भारी कंटाळा. बाकीचे पेंटर आधी खडूने अक्षरं मांडून बघतात. काका मात्र कापड भिंतीला ताणून ठोकलं की डावीकडून थेट ब्रश चालवत सुटायचे. पहिली अक्षरं ऐसपैस, शेवटची एकमेकांच्या खांद्यावर बसलेली. सगळं गाव छापील बॅनरकडे वळलं, तरी प्रार्थनाघराच्या अध्यक्षांनी काकांना सोडलं नव्हतं. काकाही दर आठवड्याला न चुकता तिथे जायचे आणि पुढच्या बाकावर डोळे मिटून बसायचे.

त्या वर्षी दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना आपापसांत लग्न करता यावं, असा कायदा येऊ घातला होता. धर्मगुरूंनी प्रवचनातच सांगून टाकलं, की कायद्याच्या बाजूने हात वर करणाऱ्याला मत देऊ नका. पुढारी कसले हुशार, ते लगोलग धर्मगुरूंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. मोर्चा ठरला. बॅनरचं काम अर्थातच काकांकडे. मजकूर होता, ‘असा विवाह आम्हाला मान्य नाही’.

पंचाईत अशी, की काकांची एकुलती एक लेक बेकरीत भट्टी सांभाळायची आणि एका नर्सबरोबर संसार करायची. कायदा झाला की दोघी लग्न करणार होत्या. ‘बाबा, तुम्ही याल ना?’ असं तिने विचारलं, तेव्हा काका ‘बघू’ म्हणाले होते. त्या ‘बघू’ने दोघांचीही झोप उडवली होती.

मोर्चा निघाला. सगळे बॅनरच्या मागे, त्यामुळे पुढे काय लिहिलंय ते कुणालाच दिसेना. रस्त्यावरचे लोक मात्र वाचून टाळ्या पिटू लागले. धर्मगुरूंनी खुशीत हात हलवला, पुढाऱ्यांनी नमस्कार केले. चौकातल्या दुकानाच्या काचेत अध्यक्षांना अक्षरं उलटी दिसली तेव्हा कुठे उलगडा झाला. ‘असा विवाह आम्हाला मान्य’. पुढे कापड संपलं होतं.

अध्यक्ष तडक काकांच्या दुकानात आले.

“पेंटर, ‘नाही’ कुठे गेलं?”

“मावलं नाही, साहेब.”

“मग खाली बारीक लिहायचं की.”

काका ब्रश पुसत राहिले. “लिहिणार होतो. रंगही कालवला होता. पण हात वळेना. माझी लेक आहे हो ती. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन, तिला नाही म्हणणं मला जमायचं नाही.”

अध्यक्ष तणतणत निघून गेले. लेक पाव घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली, काकाही रडले, आणि मग टाळ्यांना भुलून हात हलवणारे धर्मगुरू आठवून दोघं पोट धरधरून हसली.

काठावर का होईना, कायदा पास झाला. लग्नाच्या दिवशी काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून विवाह नोंदणीच्या कचेरीत सगळ्यांच्या आधी हजर. मुलीच्या बापाने मान तुकवायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. विहीणबाई येताना दिसताच ते हात जोडून वाकले. विहीणबाईही तेवढ्याच लगबगीने वाकल्या, आणि दोघांची डोकी ठाणकन आपटली.

“आधी तुम्ही बसा,” काका कपाळ चोळत म्हणाले. “तुम्ही वरपक्ष.”

“मी कसली वरपक्ष? मीही मुलीकडचीच.”

काकांनी चहूकडे पाहिलं. वरपक्षाचा मान घ्यायला कचेरीत कुणी आलंच नव्हतं. मग त्यांनी विहीणबाईंसाठी एक खुर्ची ओढली, स्वतःसाठी दुसरी, आणि मुलीचे बाप असूनही पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसले.