उस्तादांचं नाक

टॅक्सी तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा उस्ताद हातातला पाना खाली ठेवून नुसते बघत राहिले. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकलेला, बॉनेटच्या फटीतून वाफ, आणि टॅक्सीवाला इंजिनाहून जास्त तापलेला.

"आज शेवटचं, उस्ताद. आज नाही सापडलं तर समोरच्या गॅरेजात जातो. पोट आहे माझं या गाडीवर."

उस्तादांना राग आला नाही. राग यायलाही अंगात त्राण लागतं. थर्मोस्टॅट बदलून झाला होता, रेडिएटरचं झाकण बदललं होतं, पंखा वेळेवर फिरत होता. ऑइल स्वच्छ होतं, म्हणजे पाणी नि ऑइल वेगळं ठेवणारं गॅस्केटही शाबूत. तरी रेडिएटरमधलं पाणी कमी होतच होतं, आणि जमिनीवर मात्र एक थेंब पडत नव्हता.

एके काळी असल्या गाडीला त्यांना चहा संपेपर्यंतचा वेळ पुरायचा. बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे, हुंगायचं. इंजिन थंड ठेवायला पाण्यात घालतात ते कूलंट गळायला लागलं की गोडसर वास सुटतो, आणि तो कुठून येतोय हे उस्ताद बोट ठेवून सांगत. तपासायचं मशीन घ्या म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून ते म्हणत, "माझं मशीन देवाने तोंडावरच बसवलंय." गॅरेज चालत होतं ते या नाकाच्या नावावर.

मागच्या हिवाळ्यात ताप आला. ताप गेला तो वास घेऊनच गेला. पेट्रोल, रबर, बायकोच्या केसांचं तेल, सगळं एकजात निर्गंध. कुणाला सांगितलं नाही. हात थरथरतो असं कुठला न्हावी गिऱ्हाइकाला सांगेल? झाकली मूठ सव्वा लाखाची. सवयीने ते अजूनही बॉनेटवर वाकत, डोळे मिटत, आणि मग अंदाजपंचे काहीतरी बदलत. या सोंगाने ते कामापेक्षा जास्त थकले होते.

दुपारी बायको डबा घेऊन आली. बसायला धड जागा नव्हती, म्हणून टॅक्सीच्या पुढच्या सीटवर टेकली आणि लगेच म्हणाली, "अगंबाई, पाक सांडलाय की काय इथे? अत्तरातूनही गोड वास येतोय!"

उस्तादांनी तिच्या पायाखालची मॅट उचलून चाचपलं. ओलं आणि चिकट. डॅशबोर्डच्या आत हीटरचा छोटा रेडिएटर असतो, तो गळत होता. पाणी जमिनीवर पडणार कुठून? गाडीतच जिरत होतं.

"तुला येत होता हा वास?" त्यांनी तिथेच ताटकळलेल्या टॅक्सीवाल्याला विचारलं.

"येत होता की. म्हणून तर अत्तराची बाटली टांगली."

"मग बोलला का नाहीस?"

टॅक्सीवाला ओशाळला. "वासाचं तुम्हाला मी काय सांगणार, उस्ताद? तुमच्यासमोर मी नाक चालवायचं?"

उस्ताद मटकन जुन्या टायरवर बसले.

"सर्दी झालीय त्यांना," बायको घाईघाईने म्हणाली.

पळवाट आयती होती. पण उस्तादांना आता पळवाटांचाही कंटाळा आला. "सर्दी नाही. वासच येत नाही मला. तापापासून."

गाडीची किल्ली टॅक्सीवाल्याच्या मुठीत होती, आणि उस्तादांची नजर त्या मुठीवर.

"मग मला विचारायचं ना," तो शेवटी म्हणाला.

"विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं."

त्याने किल्ली बॉनेटवर ठेवली. "संध्याकाळी येतो," म्हणाला आणि चालत निघून गेला.

बायकोने डबा उघडला. उस्ताद मान खाली घालून बोलले, "तुझ्या हातचंही काही कळत नाही गं मला. झकास झालंय म्हणतो, ते सवयीने."

"ठाऊक आहे. एकदा दूध लागलं होतं. तो चहा मी ओतून देणार, तेवढ्यात तुम्ही झकास म्हणत प्यायलातसुद्धा. मग दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम लावायला लागले. म्हटलं, आज बोलतील, उद्या बोलतील."

"आणि मी रोज करपलेला चहा पीत राहिलो?"

"मीही तोच पीत होते," ती म्हणाली.