मागच्या सीटवर निजणारा मिस्त्री

माझ्या जुन्या मोटारीचा सायलेन्सर फुटला, की दिग्रसच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळचा मिस्त्री त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळायचा आणि कापसाच्या गाठीची लोखंडी पट्टी वरून आवळायचा. मग काचा लावून, इंजिन चालू ठेवून, मागच्या सीटवर डोळे मिटून निजायचा. मला ते बघवत नसे.

"अहो, गुदमराल!" एकदा मी रागावलोच.

"बिमार मानूस इथंच निजते ना, डाक्टरसायेब," तो सावकाश म्हणाला. "धूर येते का नाही, ते इथंच समजन."

एका दुपारी अडलेल्या बाईला यवतमाळला न्यायचे होते. सायलेन्सर नुकताच बांधला होता, पण निजून बघायला वेळ नव्हता. तिचा नवरा माझ्या शेजारी बसला; मिस्त्री न विचारताच मागे, तिच्या पायाशी खाली बसला. दारव्ह्याच्या पुढे पट्टी सुटली. मोटारीच्या तळाचा पत्रा तापला, त्याला गंजून पडलेल्या भोकातून धूर आत येऊ लागला. त्याने डोक्याचा रुमाल भोकात कोंबला आणि वरून उजवा तळहात दाबून धरला.

"थांबवू का?" मी विचारले.

"चालू द्या."

दवाखान्याच्या दारात तिला उचलायला तिचा नवरा आणि मी वाकलो. मिस्त्रीही वाकला. त्याने डावा हात तेवढा पुढे केला.