बोर्डीला ऐकू येतंय

२०१८च्या हिवाळ्यात तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा मी तिथल्या एका पाड्यावरच्या शाळेत शिकवत होते. धक्का बसला की मुलांना घेऊन आम्ही पटांगणात धावायचो. नेमके तेव्हाच मोबाइल लागत नसत. सगळेच एकदम फोन करायचे. भिंत पडून कोणी दबलं तर कळवायचं कोणाला, हा प्रश्न मला जेवताना, फळ्यावर लिहिताना, कुठेही गाठायचा.

बोर्डीचे काका निवृत्त वायरलेस मेकॅनिक. त्यांच्याकडे शिकूनच मी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांची, परीक्षा दिली होती. लायसन्स दोघांकडे होतं, सेट नव्हते. त्यांनी भंगारातून दोन जुने वॉकीटॉकी आणले, कुठल्याशा बंद कारखान्याच्या वॉचमनचे.

"हे आपल्या बँडवर आणायचे," ते म्हणाले. "क्रिस्टल बदलायचे, मग कॉइल जुळवायच्या. तू कर, माझा हात थरथरतो."

रविवारी त्यांच्या ओटीवर बसून मी क्रिस्टल बदलले; सेट कुठल्या लहरींवर बोलणार ते त्यांच्यावर ठरतं. कॉइलच्या आत शिसपेन्सिलीच्या टोकाएवढा ठिसूळ स्क्रू असतो, तो केसभर फिरवायचा. पहिला सेट जुळला. दुसऱ्याचा स्क्रू घट्ट बसला होता. मी जरा जोर लावला आणि तो आतल्या आत तुटला. आता त्या सेटवर फक्त ऐकता येणार होतं, बोलता नाही.

मी रडकुंडीला आले.

"असू दे गं," काका म्हणाले. "चांगला तू ने. मी ऐकेन. काही झालंच तर डहाणूच्या कचेरीत मी घरच्या फोनवरून कळवतो."

त्यानंतर प्रत्येक धक्क्याला मी बटण दाबून आमची खुशाली सांगायची. संध्याकाळी फोन लागला की विचारायची, "ऐकलंत?"

"स्पष्ट," ते म्हणायचे.

मी पालकांना सांगितलं, बोर्डीला आपलं ऐकणारं माणूस आहे. त्या भरवशावर काहींनी भीतीने घरी ठेवलेली मुलं पुन्हा शाळेत धाडली.

होळीच्या सुट्टीत मी न कळवता बोर्डीला गेले. काका वाडीत होते. त्यांचा सेट फळीवर पडला होता; उचलून पाहिला तर आत बॅटरीच नव्हती.

"ती संक्रांतीलाच फुगली, फेकून दिली," काकू सहज म्हणाल्या.

काका आले, माझ्या हातातला सेट बघून दारातच थांबले.

"त्याआधी तरी ऐकू यायचं?" मी विचारलं.

"नाही."

"एकदाही?"

"मधे डोंगर आहेत गं. हातातला सेट तो, कुठवर पोचणार? मला पहिल्या दिवशीच माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"फोनवर तुझा आवाज ओळखू यायचा नाही, इतकी घाबरलेली असायचीस."

मला चिडताही येईना. चहा घेताना ते छतावर उंच अँटेना लावायचं बोलत राहिले. त्यांना जिनासुद्धा चढवत नव्हता. मी मान हलवत राहिले.

परतल्यावर मी पालकांना खरं ते सांगितलं. कोणी रागावलं नाही. एका आईने फक्त विचारलं, "मंग आता पोरीला कशाला धाडू, बाई?"

धक्के चालूच होते. पावसाळ्याच्या तोंडावर शाळेची मागची भिंत फुटली आणि वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये गेले. पुढे माझी वाणगावकडे बदली झाली. प्रयत्न केला असता तर ती थांबवता आली असती. मी केला नाही. शेवटच्या दिवशी हजेरी घेतली, तेव्हा पटावरच्या बत्तीसपैकी समोर सात मुलं होती.