आत्याचा उजवा हात

लहानपणी प्रत्येक गोष्टीत नाक खुपसून ‘का’ विचारायची, म्हणून घरात तिचं नाव ‘चौकशी’ पडलं. विद्यापीठात जाऊन तिने उपयोजित मानसशास्त्र घेतलं, तेव्हा शिंपीकाम करणाऱ्या वडिलांनी मशीन थांबवून विचारलं, की मग आता माझ्या मनात काय चाललंय ते सांग. ती म्हणाली, गिऱ्हाईक न्यायला येत नाही त्या कोटाला तुम्ही शिव्या घालताय. ते अगदी खरं निघालं. अर्थात त्यासाठी विद्यापीठाची गरज नव्हती, कोट महिनाभर खुंटीला लटकत होता.

हा विषय शिकून लोकांच्या मनातलं वाचता येतं, असा एक समज आहे. तसं काही नसतं. तिच्या वर्गातली एकजण शाळेत समुपदेशक झाली. दुसरी रुग्णालयात, अपघातानंतर पुन्हा चालायला शिकणाऱ्यांना धीर देत होती. एकजण कंपनीसाठी माणसं निवडायला बसला, आणि हा स्वतः मात्र मुलाखतीत तीनदा आपटलेला. चौकशीला कारखाना हवा होता. चांगलं काम करणारा माणूस चुकतो कसा, हे तिला बघायचं होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तिला मिळाला तो नेमका आत्या काम करायची तो कारखाना.

औषधाच्या बाटल्यांना लेबल लावायच्या टेबलावर आत्या बावीस वर्षं बसत होती. आई गेल्यावर चौकशीला तिनेच वाढवलं. गेल्या दोन महिन्यांत आत्याच्या हातून चार वेळा मोठ्यांच्या औषधावर लहान मुलांचं लेबल लागलं होतं. तपासणीत पकडलं गेलं म्हणून निभावलं.

मॅनेजरने चौकशीला बोलावून आडपडदा न ठेवता सांगितलं, की बाईंचं वय झालंय, लक्ष राहत नाही. तुमच्या चाचण्या घ्या आणि फॉर्मवर ‘अयोग्य’ लिहा, म्हणजे त्यांना घरी बसवता येईल. ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती माझी आत्या आहे, हे तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं. तो शांतपणे म्हणाला, मग तर तुम्ही लिहिलेलं ‘अयोग्य’ सगळेच मानतील.

घरी आत्याने तिला समोर बसवलं.

“तिथे मी तुझी आत्या नाही. दिसेल ते लिही. पदरचं काही घालू नकोस.”

लक्ष मोजायच्या चाचण्यांत आत्याने निम्म्या वयाच्या मुलींना मागे टाकलं. मॅनेजरने तो कागद बाजूला सरकवला. मग चौकशी स्वतः दोन दिवस आत्याच्या खुर्चीवर बसली. आपणही चुकू आणि दोष कामाचाच आहे हे सिद्ध होईल, अशी तिची खात्री होती. कसलं काय! तिची एकही चूक झाली नाही. नव्या लागलेल्या दोन मुलींना बसवलं, त्याही चुकल्या नाहीत. म्हणजे चुकणारी एकटी आत्याच. आता चौकशी घाबरली. जी खुर्ची वाचवायची, तीच आपण आत्याखालून ओढतोय, असं तिला वाटलं.

विद्यापीठातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नवख्या का चुकल्या नाहीत?”

‘का’ विचारायचं काम तिचं, आणि नेमकं तेच राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने हातांवर नाही, डोळ्यांवर नजर ठेवली. नवख्या मुली लेबल उचलताना दर वेळी ट्रेकडे बघत होत्या. आत्या बघतच नव्हती. तिची नजर बाटलीवर, आणि उजवा हात आपला आपण ट्रेकडे जायचा. दोन महिन्यांपूर्वी नवं यंत्र आलं, टेबल फिरवावं लागलं आणि मोठ्यांच्या व मुलांच्या लेबलांच्या ट्रेंची अदलाबदल झाली. आत्या दिवसभर ते लक्षात ठेवायची. पण कुणी मध्येच हाक मारली, की हात बावीस वर्षांच्या जुन्या जागी. नवख्यांच्या हाताला जुनी जागाच नव्हती, तो चुकणार कुठून?

ट्रे पूर्वीच्या जागी ठेवून बघा, चुकांची मोजणी तपासणी विभागाला करू द्या, मी हात लावणार नाही, असं तिने मॅनेजरला ठणकावून सांगितलं. ट्रे इकडचे तिकडे करण्यात त्याचं काही जात नव्हतं. पुढचे दोन महिने आत्याची एकही बाटली परत आली नाही.

मग तिने फॉर्म भरला. ‘कर्मचारी’ हा छापील शब्द खोडून वर ‘टेबल’ लिहिलं आणि पुढे ‘अयोग्य’. मॅनेजरने तो वाचला. मग म्हणाला, बाकीची टेबलंही बघून घ्या, सोमवारपासून कामालाच या. तिने लगेच हो म्हटलं, आढेवेढे घेतले नाहीत.

फॉर्मची प्रत आत्याने दोनदा वाचली. मग उजवा हात उताणा करून त्याच्याकडे बघत राहिली.

“रोज निजताना या हाताला बोल लावत होते गं मी.”

चौकशीने आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारलं नाही. तिने तो हात आपल्या हातात घेतला.