चौथी निज

पुनमला कुणी पहिल्यांदा पाहिलं तर म्हणेल, ही पोरगी कमी बोलते आणि पहाटे फार लवकर उठते. दोन्ही खरं आहे. पण ती अशी जन्मली नव्हती. लहानपणी तिला उठवायला तिच्या आईला पाण्याचा लोटा घेऊन उभं राहावं लागायचं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पोंभुर्ण्याच्या पुढे वैनगंगेच्या अंगाने रान दाट होत जातं, तिथे आम्हा ढिवरांची ऐनाची झाडं आहेत. ढिवर म्हटलं की लोकांना जाळं आणि मासोळीच आठवते. पण आमच्याकडे नदी जितकी जुनी, तितकाच कोसाही, म्हणजे रानातल्या रेशमाचं पीकही, जुना. आजोबा-पणजोबांपासून कुणाची कोणती झाडं ते ठरलेलं. पुनमच्या घरचं रान आणि माझं रान यांच्यामध्ये एक पायवाट आहे, बस. त्यामुळे मी सांगते ते ऐकीव नाही. आणि मी जरा तोंडाळ बाई आहे, ते गाव जाणून आहे. तुम्हीही चालवून घ्या.

कोशाचे किडे ज्याने पाहिले नाहीत त्याला काय सांगावं! हिरवे, जाड, बोटाएवढे. पानाआडून ऊन आलं की आरपार दिसतात. झाडाखाली डोळे मिटून बसलं तर हजारो तोंडांचा पानं कुरतडण्याचा आवाज येतो, बारीक भुरभुर पाऊस लागल्यासारखा. आभाळ कोरडं, आणि कानात पाऊस. दुपारी त्या आवाजात माणूस जागा आहे की स्वप्नात, त्याचं त्यालाच कळत नाही. किड्यांना आम्ही देवच मानतो. कोसा झाडावर असेपर्यंत घरात मासोळी नाही, दारू नाही, डोक्याला तेल नाही. आंघोळ करून, चपला बाहेर ठेवूनच रानात शिरायचं.

आणि किडे निजतात. मोठे होता होता चारदा निजतात. खाणं बंद, डोकं थोडं वर धरलेलं, जिथे असतील तिथे स्तब्ध. तो कानातला पाऊस एकदम थांबतो. निजेत किडा जुनी कातडी सोडतो आणि नवी घेऊन उठतो. निजलेल्या किड्याला हात लावला तर तो मेलाच समजा. म्हणून निज लागली की आम्ही रानात मोठ्याने बोलत नाही, फांदी हलवत नाही, आणि दुसऱ्याच्या रानात तर पाऊलही टाकत नाही.

पुनमची आई मनकर्णा या कामात आमच्या सगळ्यांच्या वरचढ. बाप रामाजी नदीवर. आणि भाऊ गोपाल, पुनमहून दोन पावसाळ्यांनी लहान. काय गोड पोट्टा होता! झाडावर चढून मुंग्या झटकायचा, किड्यांशी गोष्टी करायचा. मग बल्लारपूरला ट्रकवर गेला, आणि तिथे कुणीतरी त्याला पावडर दाखवली. चंदेरी पन्नीवर ठेवायची, खालून काडी लावायची, धूर ओढायचा. दारूचं दुःख आम्हाला ठाऊक होतं. दारू पिलेला माणूस ओरडतो, पडतो, सकाळी लाजतो. हे दुखणं वेगळंच. गोपाल ओरडत नव्हता. तो हसायचा, मान टाकायचा आणि ओसरीवर तासन्‌तास पडून राहायचा.

कुणी विचारलं की मनकर्णा म्हणायची, "निजला हाय."

झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय. पण झाकता झाकता घर कसं झालं पाहा. रामाजी नदीवरच्या झोपडीतच राहायला लागला, कारण घरी आलं तर पोराकडे पाहावं लागे. पाण्याचा पितळी गुंड, परात, पुनमची शिलाई मशीन, एकेक वस्तू घरातून नाहीशी झाली. पुनमला पाहायला मूल गावाच्या बाजूचे पाहुणे आले तेव्हा गोपाल ओसरीवर तोंड उघडं टाकून पडलेला. पाहुण्यांनी चहा पिला, आणि पुन्हा निरोप आला नाही. पुनम तेव्हापासून कोंबड्याआधी उठायला लागली. उठायची, ओसरीवर जायची, भावाच्या नाकाशी हात धरायची. हाताला श्वास जाणवला की चूल पेटवायची.

एकदा पायवाटेवर बसून मला म्हणाली, "काकी, खरं सांगू? कधी कधी वाटते हा मरून जावा. एकदाचा."

मी म्हटलं, "बाप्पा! असं बोलू नये बाई."

"बोलत नाई. वाटते."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोकं तापलेल्या तव्यासारखं होतं.

त्या वर्षी दिवाळीआधी मनकर्णाने ठरवलं, की पोराला घेऊन पीक संपेपर्यंत रानातच राहायचं. "रानात नशापानी चालत नाई," ती म्हणाली, "देवच त्याले पाहून घेतीन." ऐनाखाली खोपी घातली. पहिले काही दिवस गोपालचे हाल कुत्र्याने खाल्ले नसते. थरथर, घाम, ओकाऱ्या. हाडं मोडतात म्हणून रडायचा. मनकर्णा त्याला भाताची पेज पाजायची, पुनम पाय दाबायची. मग हळूहळू तो उठला. गुलेल घेऊन पाखरं हाकलायला लागला. एका सकाळी धुक्यात मला तो झाडावर दिसला, पानापानातून हात फिरवत, आणि काहीतरी गुणगुणत. मला वाटलं, अगं, हा तर आपला जुना गोपाल! रामाजीसुद्धा नदीवरून आला. कोसा असताना मासोळी चालत नाही, म्हणून बिचाऱ्याने पोरासाठी शिंगाडे आणले. चौघं एका ठिकाणी बसून जेवले. पुनम त्या दिवसांत चक्क उजाडेपर्यंत निजली.

मनकर्णाच्या मनात मात्र वेगळंच काही शिजत होतं. बल्लारपूरहून पहिल्यांदा येऊन पडला ती पहिली निज, नंतर नागपूरहून कुणी आणून टाकला ती दुसरी, पाहुण्यांसमोरची तिसरी, असा तिने हिशेब लावला होता. "तीन झाल्या," मला म्हणाली. "अजून एक बाकी हाय. मंग पोट्टा नव्या कातडीचा होईन." मी हसले. आईला कुणी काय समजवावं?

किड्यांना चौथी निज लागली त्या दिवशी रान असं शांत झालं की झाडावरून पान गळलं तर मान वळत होती. कोवळं ऊन, थोडं धुकं, आणि फांद्याफांद्यांवर डोकी वर करून थांबलेले हिरवे जीव. सगळं जग कुणीतरी हलकेच थांबवून ठेवलं असावं असं. गोपाल सकाळी गावात जाऊन येतो म्हणून गेला होता. परतला तेव्हा मंद हसत होता. आंघोळ करून, चपला बाहेर काढून, सगळं पाळून आत आला आणि मोठ्या ऐनाखाली आडवा झाला.

मी माझ्या रानातून पाहत होते. मनकर्णा त्याच्याजवळ बसली होती, देवापुढे बसावं तशी. पुनम पाणी घेऊन आली आणि थबकली.

"माय, याले काय झालं?"

"हळू बोल. निजला हाय. चौथी हाय त्याची. हात नोको लावू."

पुनम उभी राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. त्या शांततेत वेळ कळतच नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं, नदीच्या वाटेकडे पाहिलं, मग भावाकडे. मला वाटलं, पोरगी भावाचं निजणं पाहून हरखली आहे.

आणि मग ती ओरडली. "गोपाल! ऊठ! गोपाल!"

निजेच्या रानात असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तिने त्याच्या तोंडावर पाणी फेकलं, फाडफाड थोबाडीत मारल्या, काखेत हात घालून ओढायला लागली. मनकर्णा तिचा हात धरून रडत होती, "किडे मरन पोरी! पोट्टा मरन!" फांद्या हलल्या आणि किडे टपटप खाली पडले, त्यांच्या अंगावर, केसांत, पायाखाली. तेव्हा मला गोपालचे ओठ दिसले. जांभळासारखे निळे. मी रीतभात सोडून पायवाट ओलांडली आणि दादाजीला, माझ्या नवऱ्याला, हाक मारली. गाडीवर पुढे दादाजी, मध्ये गोपाल, मागे त्याला कवटाळून पुनम. वाटभर ती त्याच्या कानात शिव्या देत होती, त्याने मान टाकू नये म्हणून.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, काय झालं? तोपर्यंत मीही मागून पोचले होते. दादाजी म्हणाला, "चक्कर आली." पुनम त्याच्यावर खेकसली. "चक्कर नाई. नशा करते. माया भाऊ पावडर ओढते." त्या घरातल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरने डोळे पाहिले, सुई दिली, नळी लावली. नंतर म्हणाला, महिनाभर बंद होतं, अंगाची सवय मोडली होती, आणि याने माप जुनंच घेतलं. थोडा उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता.

गोपालने डोळे उघडले तेव्हा बहिणीला पहिलं काय विचारलं असेल? "काऊन उठवलं मले?"

पुनम बाहेर येऊन भिंतीला टेकून हमसून हमसून रडली.

त्या वर्षी त्यांचं अर्धंअधिक पीक गेलं. मनकर्णा लेकीशी कित्येक दिवस बोलली नाही. मग एकदा मुकाट तिच्या ताटात भात वाढला, आणि त्यावर स्वतःच्या वाट्याची आमटी. गोपाल चंद्रपूरला व्यसन सोडवण्याच्या ठिकाणी राहून आला. सुटला का? सुटला, पुन्हा घसरला, पुन्हा गेला. सध्या बरा आहे. आमच्याकडे कुणी त्याचं विचारलं की आता मनकर्णा स्वतः सांगते, पोरगा दवाईवर हाय म्हणून. रामाजी घरी निजतो.

परवा पायवाटेवर पुनम आणि मी शेंगा सोलत बसलो होतो. माझ्या जिभेला कधीच हाड नव्हतं. मी विचारलंच, "त्या दिवशी तू उभी राह्यली होती. काय चाललं होतं मनात?"

तिने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"पहिले वाटलं, राहू दे. माय म्हनतेच हाय हात नोको लावू म्हनून. कोनी मले बोल लावला नसता, काकी."

"मग?"

"मंग वाटलं, कोनी तरी याले उठवावं. बा येईन, तुमी यान, कोनी तरी. मी वाट पाहून राह्यली होती." ती थोडं हसली. "मंग समजलं, कोनी तरी म्हनजे मीच होय."