दाजींची ऐच्छिक सुट्टी

माझ्या दाजींइतका आळशी माणूस पनवेलमध्ये दुसरा नाही, आणि कॅथलिक सणांचा त्यांच्याइतका अभ्यास तर पाद्रीबाबांचाही नसेल. एरवी हे गृहस्थ घरच्या दीड दिवसाच्या गणपतीचीही आरती बसून म्हणतात. पण तळोज्याच्या त्यांच्या केमिकल कंपनीत वर्षाला दोन ऐच्छिक सुट्ट्या असतात, कुठल्याही धर्माच्या. हा ‘कुठल्याही’ शब्द दाजींनी इतका मनावर घेतला, की शिफ्टमधल्या कॅथलिक जोडीदाराकडून चर्चचं अख्खं कॅलेंडर आणून ताईच्या स्वयंपाकघरात टांगलं.

नवं कॅलेंडर आलं की दाजींना सुतक लागे, कारण कुठली सुट्टी रविवारी बुडतेय तेच त्यांना आधी दिसायचं. ईस्टरवर तर कायमचा राग. “एवढा मोठा सण, आणि दर वर्षी रविवारी! कामगाराचा विचार केलाय का कुणी?” एक मे आला की कपाळाला हात. “महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि वर संत जोसेफ! तीन एकात कोंबल्या. दोन फुकट गेल्या ना!” पंधरा ऑगस्टला मारियामातेचाही सण असतो हे कळलं, त्या वर्षी झेंड्याला त्यांनी तोंड पाडून सलाम केला. कॅथलिक लोक चर्चमध्ये राख लावून घेतात त्या राखेच्या बुधवारी एकदा अर्धी सुट्टी उकळायला ते उदबत्तीची राख कपाळाला फासून कंपनीत गेले, तर गेटवरचा वॉचमन म्हणाला, “सायेब, दत्ताचा अंगारा गुरुवारी लावत्यात, आज बुधवार हाय.” आणि मिळालेल्या सुट्टीत करायचे काय? बनियनवर लोळायचं आणि “आज सण आहे” म्हणून ताईकडे तळलेलं काहीतरी मागायचं. मला या माणसाची मनापासून चीड यायची.

दोन-तीन वर्षांपूर्वी तो जोडीदार पावसाळ्यात अचानक गेला. दिवाळीआधी दाजींनी दोन नोव्हेंबरचा अर्ज टाकला. त्या दिवशी कॅथलिक लोक आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात. मॅनेजर हसला. “यंदाच्या राखेच्या बुधवारी तुम्ही मेव्हणीच्या लग्नात जेवत होतात. आता मेलेल्यांचा दिवस? तुमचं कोण आहे तिथे?” दाजींचं कारण पहिल्यांदाच खरं होतं आणि नेमकं तेच कुणाला पटेना. शेवटी त्यांनी लक्ष्मीपूजनाची सुट्टी सोडली, तेव्हा दोन तारीख मिळाली. ताईने एकटीने पूजा केली आणि दोन तारखेला मला पिटाळलं, “जा रे, बघून ये हे कुठे लोळतायत ते.”

दाजी दफनभूमीतच होते, जोडीदाराच्या बायकोबरोबर. कबर धुऊन, झेंडू वाहून झाला होता. आणि मेणबत्त्यांच्या मधोमध, केळीच्या पानावर, त्या माणसाच्या आवडीचे दोन बटाटेवडे! दाजी हात जोडून कावळ्याची वाट बघत होते. मला शरमेने मेल्यासारखं झालं. पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडत आले, थोडं वड्यांवरही शिंपडून पुढे गेले.

समोरच्या झाडावर कावळे होते, खाली एकही उतरेना. गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलीय असं समजून दाजी आपल्या रिवाजाप्रमाणे मोठ्याने शब्द द्यायला लागले. “वहिनींचा गॅस मी लावून देईन. तुझा लॉकर कुणाला देणार नाही. तुझ्या जागी आलाय तो पोरगा चांगला आहे.” कावळा ढिम्म. “बरं, नाहीये चांगला.” तरी ढिम्म.

वहिनी, म्हणजे जोडीदाराची बायको, हळूच म्हणाली, “भाऊजी, त्याला सांगा ना, आपला बाबू नाताळला येतोय. लीव मिळाली त्याला.”

दाजींनी माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. तिचा मुलगा कतारला असतो. बापाच्या मातीला त्याला सुट्टी मिळाली नव्हती आणि नाताळचीही आदल्याच दिवशी नाकारली होती; वहिनीलाही ते ठाऊक होतं. हे त्यांनी माझ्या कानात सांगितलं. मग ते पुन्हा कबरीपाशी गेले. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. सुट्टीसाठी वर्षानुवर्षं बिनदिक्कत थापा मारलेल्या माणसाला तेवढी एक थाप मारता येईना. मला त्यांच्याबद्दल इतकी माया कधीच वाटली नव्हती.

वहिनी वाट बघत होती. शेवटी मीच पुढे झालो आणि म्हटलं, “बाबूला सुट्टी मिळाली हो.” मोठ्याने म्हटलं, दोनदा.